बंद्यांच्या मुलांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना अडवू नका : एका आत्याचं खुलं पत्र

प्रति,
महिला व बाल विकास विभाग आणि कारागृह व सुधारसेवा विभाग, महाराष्ट्र शासन;
तसेच राज्यातल्या समाजकार्य महाविद्यालयांचे प्राचार्य व क्षेत्रकार्य विभागप्रमुख

सविनय नमस्कार.

आमच्या भागातल्या एका कारागृहात आणि तिथल्या बंद्यांच्या घरी समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामासाठी, येत होते. या वर्षीपासून ते बंद झालं. महाविद्यालयाने नेहमीप्रमाणे अर्ज केला, त्यावर ‘सुरक्षेच्या कारणास्तव परवानगी देता येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. कुणाच्या सुरक्षेला काय धोका झाला, विद्यार्थ्यांच्या हातून काही वावगं घडलं का, यातलं काहीच त्या पत्रात नाही. बालसंरक्षणाचं काम पाहणाऱ्या कार्यालयात विचारायला गेले, तर ‘ते विद्यार्थी आमच्यामार्फत येत नव्हते’ असं सांगण्यात आलं. महाविद्यालयाने त्यांना दुसऱ्या संस्थांमध्ये पाठवून दिलं. प्रत्येकाच्या दप्तरी विषय संपला. ज्या मुलांसाठी हे विद्यार्थी येत होते, त्यांना मात्र कुणी काही कळवलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझा भाऊ आणि वहिनी एकाच प्रकरणात आत आहेत, दोघेही कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले. प्रकरण न्यायालयात आहे, त्याबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही. त्यांची दोन मुलं माझ्याकडे आहेत. मुलगी सातवीत आहे. मुलगा अटकेच्या वेळी दीड वर्षाचा होता. तो आईबरोबर आत गेला आणि सहा वर्षांचा झाल्यावर नियमाप्रमाणे माझ्या ताब्यात दिला गेला. मुलांची नावं, गाव, कारागृह, महाविद्यालय, काहीच लिहीत नाही. त्यांना उद्या शाळेत जायचं आहे.

विद्यार्थी नेमकं काय करतात, हे परवानगी नाकारणाऱ्यांना ठाऊक नसावं, असं मला वाटतं. म्हणून आधी तेच सांगते.

मुलगा घरी आला तेव्हा दार ढकलत नसे. दार लोटलेलं असलं तरी त्याच्यासमोर हात खाली सोडून उभा राही, कुणीतरी येऊन उघडेपर्यंत. संडासला जायचं असलं तरी तसाच उभा. दिवस कलला की खेळ टाकून भिंतीला पाठ लावून बसे आणि विचारी, ‘गिनती झाली?’ म्हणजे कारागृहात होते ती बंद्यांची मोजणी. मी इतकी वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं, मुलं मला नवी नाहीत. पण या मुलाशी काय बोलावं हे मला कळेना. ते कळत होतं एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला, कारण ती त्याला आतून ओळखत होती. महिला विभागातल्या बालवाडीत ती आठवड्यातले दोन दिवस त्याच्याबरोबर बसत असे. त्याची बाहेर यायची वेळ जवळ आली, तशी तिने आमच्या घराचे, गल्लीचे, शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीचे फोटो छापून घेतले, अधीक्षकांची परवानगी काढली आणि आईच्या मांडीवर बसवून त्याला ते दाखवले. ‘हे आत्याचं दार, याला आतूनच कडी असते, ती तूच लावायची.’ घरी आल्यावर तिने त्याला रोज कडी लावायचं आणि काढायचं काम दिलं. महिनाभराने तो दार आपटून बाहेर पळायला लागला. दार आपटल्याबद्दल कुठल्याही मुलाला ओरडायची माझी सवय तेव्हापासून गेली.

भाचीचं दुखणं वेगळं. ती वर्गात गप्प झाली होती. ‘आईबाबा कुठे असतात?’ या प्रश्नाला तिने तीन जणांना तीन उत्तरं दिली होती आणि कुणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवता ठेवता ती दमून गेली होती. शेजारपाजारचे म्हणत, सांगा दुबईला आहेत म्हणून. त्या विद्यार्थिनीने तिला खोटं बोलायला सांगितलं नाही आणि सगळं उघड करायलाही लावलं नाही. आम्ही तिघींनी बसून एक वाक्य ठरवलं : ‘आईबाबा सध्या आमच्याजवळ नाहीत, मी आत्याकडे राहते.’ त्यात एक शब्द खोटा नाही आणि पुढे कुणी खोदून विचारलंच, तर ‘याबद्दल मला बोलायचं नाही’ असं म्हणायचा तिला हक्क आहे, हेही तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. वर्गशिक्षिकेलाही तीच भेटली, मला विचारून.

मुलाकातीच्या दिवशी काय होतं, हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको. मध्ये काच, कानाला इंटरकॉम, शेजारी एकाच वेळी दहा माणसं ओरडून बोलताहेत, आणि बोलता बोलता वेळ संपते. आईच्या कुशीत झोपणारं मूल काचेच्या या बाजूला आलं आणि त्याने काचेवर डोकं आपटायला सुरुवात केली. कारागृहाच्या ‘गळाभेट’ उपक्रमात मुलांना आईवडिलांजवळ बसता येतं, त्यांना कवटाळता येतं, हे मला माहीत नव्हतं. अर्ज कसा करायचा, कुणाकडे द्यायचा, हे त्या विद्यार्थिनीने शोधून काढलं. ‘गळाभेट’ हा तुमच्या विभागाचा फार चांगला उपक्रम आहे आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण तो आहे हे घरच्यांना सांगायला कुणीतरी लागतं.

मग कागदपत्रं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी शाळेचा बोनाफाइड, आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आईवडील कारागृहात असल्याचा दाखला, घरासमोर उभं राहून पालकासह काढलेला फोटो, गृहचौकशी आणि बाल कल्याण समितीचा आदेश, एवढं जमवावं लागतं. मी शिकलेली आहे, अर्ज भरण्यात आयुष्य गेलं आहे, तरी माझी दमछाक झाली. मुलाकातीच्या रांगेत माझ्यापुढे मागे उभ्या असलेल्या बायका ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या, धुणीभांड्याच्या. त्या एका दाखल्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवतात. त्यांच्यातल्या कित्येकींचे अर्ज या विद्यार्थ्यांनी रांगेतच, पाठीवर वही ठेवून भरून दिले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता तक्रारी. त्या तिघांकडेही आहेत, महाविद्यालयांकडेसुद्धा.

पहिली, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी. ही परवानगी दरवर्षी नव्याने मागावी लागते आणि ती खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीच्या मतावर अवलंबून असते. एक अधीक्षक विद्यार्थ्यांना बसायला खोली देतात, दुसरे आले की गेटवरूनच परत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कारागृहांत काम करतो आहे. म्हणजे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते आत गेल्याने कारागृह कोसळत नाही, हे या राज्याने पस्तीस वर्षं पाहिलं आहे. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, मी तो हलका करत नाही. आत मोबाइल जातात, नशेचे पदार्थ जातात, हे वर्तमानपत्रांत येतं. तर विद्यार्थ्यांची झडती घ्या, पोलीस पडताळणी करा, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळीच आत सोडा, बरोबर महिला रक्षक द्या. पण घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना थांबवण्याचं कारण काय? गृहभेटीत कारागृहाची कोणती भिंत ओलांडली जाते?

दुसरी तक्रार महाविद्यालयांकडे. तुमचं क्षेत्रकार्य परीक्षेच्या आधी संपतं. त्या दिवशी विद्यार्थी सबमिशन करतो, जर्नलवर सही होते, व्हायवा होतो आणि तो निघून जातो. माझ्या भावाच्या खटल्याला तुमचं वेळापत्रक ठाऊक नाही. ज्या मुलाची आई एकदा अचानक दिसेनाशी झाली, त्याच्या आयुष्यात तुम्ही एक ताई आणून ठेवता आणि तीही एका गुरुवारी येत नाही. आमची ताई जाताना नीट सांगून गेली, तीन भेटी आधीपासून सांगत होती, कॅलेंडरवर खुणा करून घेतल्या होत्या. ते तिचं शहाणपण आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमचं. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. आणि ती गेल्यावर कुणी नवं येणार होतं, त्याला ती भेटवून देणार होती. ते आलंच नाही. मुलगा मला अजून विचारतो. मी काय सांगू?

याला जोडूनच एक. तिने वर्षभर या दोन मुलांबद्दल लिहिलेलं सगळं कुठे आहे? महाविद्यालयाच्या कपाटात, गुण देऊन झालेल्या जर्नलमध्ये. मुलगा कशाला घाबरतो, मुलगी कधी गप्प होते, गळाभेटीनंतरचे दोन दिवस कसे जातात, यातला एक शब्दही बालसंरक्षणाच्या दप्तरात पोहोचलेला नाही. उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर ज्या अधिकाऱ्याने या मुलांचा निर्णय घ्यायचा, त्याच्यासमोर कोरा कागद असेल.

तिसरी. सगळे विद्यार्थी तयारीचे नसतात, हेही स्पष्ट लिहिते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आमच्या ओळखीच्या एका घरी पहिल्या वर्षाचे दोघे गेले आणि अंगणात, शेजारणींच्या देखत, दहा वर्षांच्या मुलाला विचारलं, ‘वडिलांनी काय केलं होतं?’ मग त्याच्याबरोबर फोटो काढला. केस स्टडीसाठी. त्या मुलाने त्यानंतर आठवडाभर शाळेत पाऊल टाकलं नाही. ही चूक त्या दोन पोरांची मी मानत नाही. त्यांना न शिकवता पाठवणाऱ्यांची आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. ती पत्रकारांना लागू आहे, तशी तुमच्या अहवालांनाही लागू धरा.

चौथी गोष्ट पैशांची. हे विद्यार्थी फुकट काम करतात. आमच्याकडे येणारी मुलगी एसटीच्या अर्ध्या तिकिटावर येई, मार्च २०२३ पासून बायकांना ते मिळतं म्हणून. तिच्या वर्गातला मुलगा पूर्ण तिकीट काढून, पुढे रिक्षाचे पैसे नाहीत म्हणून चालत येई. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन आहे, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती योजना लागू नाही. म्हणजे जी मुलगी आत्ता, शिकत असताना, हे अवघड काम करते आहे, तिला काहीच नाही. घरची परिस्थिती बरी असलेलेच विद्यार्थी मग असं लांबचं क्षेत्रकार्य घेतात. आणि ज्यांना या घरांतलं जगणं आतून कळतं, ती गरिबाघरची मुलं जवळची, सोयीची संस्था निवडतात. हे नुकसान आमच्या मुलांचं आहे.

पाचवी तक्रार शासनाकडे, आणि ती विद्यार्थ्यांच्याही आधीची आहे. आमच्या मुलांसारखी मुलं किती आहेत, हे कुणी मोजलेलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या कारागृहांत मुलांसह राहणाऱ्या १,५३७ स्त्रिया आणि त्यांची १,७६४ मुलं, अशी नोंद आहे. त्याच दिवशी देशात ५,७३,२२० बंदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. यातल्या किती जणांची मुलं बाहेर आहेत, कुणाकडे आहेत, शाळेत जातात का? त्याचा रकाना नाही. माझा भाचा सहा वर्षांचा झाला त्या दिवशी त्या १,७६४ सारख्या आकड्यातून वजा झाला आणि कुठल्याही दुसऱ्या आकड्यात आला नाही. त्याची बहीण तर कधीच कुठल्या आकड्यात नव्हती. अटकेच्या रात्री ती शेजाऱ्यांकडे झोपली होती. ती कुठे आहे, हे तिच्या आईला चार दिवसांनी कळलं.

सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय प्रकरणात १३ एप्रिल २००६ रोजी दिलेले निर्देश मी वाचले आहेत. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं. नंतर ते आईच्या इच्छेनुसार योग्य व्यक्तीकडे किंवा संस्थेत द्यावं. संस्थेत असलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी आईची भेट व्हावी आणि त्याला कारागृहात आणण्याची जबाबदारी समाजकल्याण खात्याची, असं त्यात स्पष्ट आहे. हा निकाल आमच्या मुलांसाठी आधार आहे. पण नातेवाइकांकडे गेलेल्या मुलाला आईपर्यंत नेऊन आणायची जबाबदारी मात्र तेवढ्याच स्पष्टपणे कुणाच्या गळ्यात घातलेली नाही. आत्या, मावशी, आजी यांनी स्वतःच्या खर्चाने, स्वतःची कामं बुडवून न्यायचं. वयस्कर आजीला नाही जमलं, तर नाही. मूल संस्थेत टाकलं तर आठवड्याला भेट आणि घरात सांभाळलं तर नशीब, अशी स्थिती कुणाच्याच मनात नसावी. पण प्रत्यक्षात तीच झाली आहे. ही पोकळी विद्यार्थी भरत होते. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या नवव्या कलमात आईवडिलांपासून वेगळ्या झालेल्या मुलाचा त्यांच्याशी नियमित संपर्काचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क वीस-बावीस वर्षांच्या, पगार नसलेल्या मुलामुलींच्या खांद्यावर टाकून शासन मोकळं होतं, आणि आता तेही काढून घेतलं.

कुणी म्हणेल, मग विद्यार्थी कशाला, कायमचे कर्मचारीच नेमा. नेमाच. तीच माझी मुख्य मागणी आहे. पण विद्यार्थीही हवेत. एका जिल्ह्याला एक समाजकार्यकर्ता दिला, तरी तो प्रत्येक मुलाजवळ जमिनीवर बसून चित्रं काढू शकणार नाही. विद्यार्थ्याकडे तो वेळ असतो. शिवाय तो वयाने जवळचा असतो. माझ्या भाचीने जे ताईला सांगितलं, ते मला सांगितलं नसतं, आणि मी तिची सख्खी आत्या आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. या वर्षी नाकारलेल्या परवानगीचा लगेच फेरविचार व्हावा. नाकारायचीच असेल, तर कारणं लेखी, तपशिलाने द्यावीत आणि गृहभेटी तरी चालू ठेवाव्यात.

२. कारागृह विभाग, महिला व बाल विकास विभाग आणि विद्यापीठं यांनी किमान तीन वर्षांचा करार करावा. अधीक्षक बदलले म्हणून काम बंद पडू नये. अर्जावर ३० दिवसांत निर्णय व्हावा.

३. प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षात बंद्यांच्या मुलांसाठी एक कायमस्वरूपी समाजकार्यकर्ता असावा. विद्यार्थी त्याच्या हाताखाली काम करतील. विद्यार्थी बदलला तरी मुलाला ओळखणारा तो एक माणूस बदलणार नाही.

४. या कामासाठी दुसऱ्या वर्षाचेच विद्यार्थी निवडावेत आणि एका मुलाबरोबर पूर्ण शैक्षणिक वर्ष तोच विद्यार्थी असावा. जाणाऱ्याने येणाऱ्याला मुलाच्या घरी नेऊन ओळख करून द्यावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम पूर्ण थांबू नये. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आणलं आहे. मानसशास्त्र, समाजकार्य या विषयांसाठी ते इथे देता येईल.

५. मुलाविषयीच्या नोंदींचा एक गोपनीय गोषवारा वर्षअखेरीस बाल संरक्षण कक्षाकडे जावा. जर्नलमध्ये मुलाचं नाव, गाव, फोटो नसावा. गुन्ह्याबद्दल मुलाला कधीही विचारू नये.

६. पाठवण्याआधी प्रशिक्षण, पोलीस पडताळणी आणि शासनाचं ओळखपत्र द्यावं. घरात येणारा माणूस कोण, हे कळण्याचा हक्क आम्हालाही आहे.

७. प्रवासखर्च आणि विद्यावेतन मिळावं. त्यासाठी युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली अट या क्षेत्रकार्यापुरती शिथिल करा किंवा वेगळी तरतूद करा.

८. कारागृहात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला पहिल्याच दिवशी विचारावं : अठरा वर्षांखालचं मूल आहे का, ते आत्ता कुणाजवळ आहे? ती माहिती सात दिवसांत बाल संरक्षण कक्षाला जावी आणि जिल्हावार आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. मुलांची नावं अर्थातच नकोत.

९. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांनाही आईवडिलांच्या नियमित भेटीसाठी प्रवासखर्च मिळावा. गळाभेटीच्या तारखा आणि अर्जाचा नमुना मुलाकात खिडकीबाहेर मराठीत, हिंदीत, मोठ्या अक्षरांत लावावा. एवढ्यासाठी कुठल्याही मंजुरीची वाट पाहावी लागू नये.

यातल्या काही गोष्टींना पैसा लागेल, हे मला कळतं. पहिली, पाचवी आणि फलक लावण्याची मागणी यांना जवळपास काहीच लागत नाही. निदान तिथून सुरुवात करा.

या पत्राची प्रत मी तिन्ही ठिकाणी टपालाने पाठवली आहे. उत्तर लेखी हवं आहे आणि ते याच सत्रात हवं, कारण पुढच्या सत्राच्या प्लेसमेंट एकदा लागल्या की वर्ष हातचं जातं. हे वाचणाऱ्यांमध्ये माझ्यासारखे, दुसऱ्याची मुलं सांभाळणारे आजी-आजोबा, मामा-मावश्या असतील, तर तुम्हीही आपापल्या जिल्ह्यात लिहा. मुलांची नावं लिहू नका. शिकून गेलेल्या, आता नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनीही आपला अनुभव विभागाला कळवावा. तुम्ही काय केलं, हे आमच्यापेक्षा तुम्ही नीट सांगू शकाल.

कळावे,
दोन मुलांची आत्या
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका)